केबल पोचली, कायदा किनाऱ्यावरच राहिला : ब्रसेल्स आणि वॉशिंग्टनला खुले पत्र

प्रति,
डिजिटल आणि व्यापार धोरण ठरवणारे आयुक्त, युरोपीय आयोग, ब्रसेल्स
तसेच वाणिज्य खाते आणि फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन (अमेरिकेचं दूरसंचार नियामक), वॉशिंग्टन

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

मी मूळची गुहागरची. गेली २२ वर्षं आयर्लंडमध्ये आहे, त्यातली शेवटची नऊ पश्चिम किनाऱ्यावरच्या मेयो काउंटीत. माझी ११ माणसांची कंपनी आहे. गुडघ्याची किंवा मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरबसल्या, फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली व्यायाम करता यावा म्हणून आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. आमचे निम्मे ग्राहक आयर्लंड आणि जर्मनीत आहेत, निम्मे अमेरिकेत, मुख्यतः ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियात. म्हणजे आमची चूल अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पेटते, आणि म्हणूनच युरोप-अमेरिकेतल्या डेटाच्या आणि दूरसंचाराच्या नियमांबद्दलचं हे पत्र तुम्हा दोघांना मिळून आहे.

इंग्रजी प्रत वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते मुद्दाम. डब्लिन, आइंडहोवन, म्युनिक, न्यू जर्सी, बे एरिया इथं कितीतरी मराठी माणसं याच धंद्यावर संसार चालवतात. कुणी बँकेची सॉफ्टवेअर सांभाळतं, कुणी औषध कंपनीचा डेटा, कुणी मोबाइल कंपनीचं नेटवर्क. डेटा समुद्रापार नेण्याच्या कोणत्या कायदेशीर कागदावर आपली नोकरी उभी आहे हे त्यांच्यापैकी पुष्कळांना माहीत नाही. तो कागद किती पातळ आहे, हे त्यांनीही वाचावं.

दूरसंचार धोरणाने माणसाचं आयुष्य कसं बदलतं हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. वडिलांनी फोनसाठी नाव नोंदवलं तेव्हा मी दुसरीत होते, फोन आला तेव्हा दहावीत. मधल्या काळात मुंबईच्या काकांशी बोलायचं तर पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा आणि बाकावर बसून राहायचं. मग एसटीडीचे पिवळे बूथ आले आणि आमच्या गल्लीतल्या आंबा व्यापाऱ्याला वाशीचा भाव सकाळीच कळू लागला. त्याने दोन वर्षांत दुसरा टेम्पो घेतला. तार आली की भाव कळतो, भाव कळला की धंदा वाढतो, हे गणित मी तिथं पाहिलं.

अटलांटिकचं गणितही हेच आहे. आमच्या दक्षिणेला केरी काउंटीत व्हॅलेन्शिया नावाचं बेट आहे. १८५८ मध्ये तिथून आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडपर्यंत पहिली तार टाकली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे १६ तास लागले आणि काही आठवड्यांतच तार मुकी झाली. १८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने टाकलेली तार मात्र टिकली. लिव्हरपूलच्या कापसाचा भाव न्यूयॉर्कला कळायला तोवर बोटीने दहाएक दिवस लागत, आता तो दिवसाभरात कळू लागला. क्लाउडिया स्टाइनवेंडर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी त्या काळची वर्तमानपत्रं चाळून हिशेब मांडला आहे : भाव वेळेवर कळल्यामुळे झालेला फायदा कापूस निर्यातीच्या मूल्याच्या ८ टक्क्यांइतका होता. एका तारेने केलेलं हे काम.

पुढे १९५६ मध्ये ‘टॅट-१’ आली, स्कॉटलंडमधल्या ओबनपासून न्यूफाउंडलंडपर्यंत, एका वेळी ३६ संभाषणं नेणारी. १९८८ मध्ये ‘टॅट-८’ ही अटलांटिकमधली पहिली फायबर केबल. व्हर्जिनिया बीच ते स्पेनमधल्या बिल्बाओपर्यंत गेलेली ‘मारेआ’ केबल आखली तेव्हाच तिची क्षमता सेकंदाला १६० टेराबिट धरली होती. माझ्या स्वतःच्या काउंटीत अशा दोन केबली वर येतात. एक किलालाला, २०१६ पासून, पलीकडे लाँग आयलंडला जोडलेली. दुसरी ओल्ड हेडच्या पुळणीवर, २०२० पासून, पलीकडे न्यू जर्सी. रविवारी आम्ही त्या पुळणीवर फिरायला जातो. मुलं वाळूत किल्ले करतात आणि त्या वाळूखालून दोन खंडांचा व्यवहार वाहत असतो.

समुद्रातलं काम इतकं चोख झालं आहे. जमिनीवरचं, म्हणजे तुमच्याकडचं, झालेलं नाही.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार डेटाच्या कायद्याबद्दल आहे. युरोपातल्या माणसाची माहिती अमेरिकेत न्यायची तर तिथं तिला इथल्यासारखंच संरक्षण मिळेल याची कायदेशीर हमी लागते. अशी हमी देणारी ‘सेफ हार्बर’ ही व्यवस्था २००० साली झाली. युरोपीय न्यायालयाने ती ६ ऑक्टोबर २०१५ रोजी रद्द केली. २०१६ मध्ये ‘प्रायव्हसी शील्ड’ आली, तीही १६ जुलै २०२० रोजी रद्द झाली. १० जुलै २०२३ पासून तिसरी व्यवस्था लागू आहे, ‘डेटा प्रायव्हसी फ्रेमवर्क’. पंचवीस वर्षांत एकाच घराचा पाया तीनदा घातला गेला, आणि प्रत्येक वेळी आत माणसं राहत असताना.

जुलै २०२० मध्ये माझ्याकडे काय झालं ते सांगते. कोविडचे दिवस होते. दवाखाने बंद, पेशंट घरी, आमच्या कामाला कधी नव्हती एवढी मागणी. रुग्णाचा गुडघा किती अंशात वाकतो हे व्हिडिओवरून मोजणारी सेवा आम्ही एका अमेरिकी कंपनीकडून घेत होतो. निकाल लागला त्या दिवशी त्या सेवेचा कायदेशीर आधार गेला. मुदत नाही, सवलत नाही. दुसऱ्या आठवड्यात एका जर्मन रुग्णालयाचं पत्र आलं : पुढची सूचना मिळेपर्यंत काम थांबवा. आम्ही वकील लावला, माहिती जपण्याची हमी देणारी नवी करारकलमं घातली, अमेरिकेच्या पाळत कायद्यांचं मूल्यमापन करणारा ४० पानी अहवाल लिहून घेतला. दोन प्रोग्रामरांच्या सहा महिन्यांच्या पगाराएवढे पैसे त्यात गेले. त्यानंतर आयोगाने जून २०२१ मध्ये करारकलमांचा नवा नमुना काढला आणि डिसेंबर २०२२ पर्यंत सगळे जुने करार बदलायला लावले. म्हणजे तेच काम पुन्हा. ते जर्मन रुग्णालय तोवर दुसरीकडे गेलं होतं. मी दोन जणांना कामावरून कमी केलं. त्यातली एक मुलगी पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत होती.

याचा अर्थ मी नियम सैल करा म्हणते आहे, असा कृपया लावू नका. आमच्या व्हिडिओंत माणसं आपल्या बेडरूममध्ये, अर्ध्या कपड्यांत, वेदनेने कण्हत व्यायाम करत असतात. ते दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नयेत ही माझी जबाबदारी आहे आणि ती मला भार वाटत नाही. न्यायालयाने दोन्ही वेळा विचारलेला प्रश्न रास्त होता : अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने एखाद्या युरोपीय माणसाची माहिती उचलली तर त्याने दाद कुणाकडे मागायची? चूक प्रश्न विचारणाऱ्याची नाही. कच्चं उत्तर देऊन वेळ मारून नेणाऱ्यांची आहे.

आताचं उत्तरही कच्चंच आहे. २०२३ ची व्यवस्था ऑक्टोबर २०२२ मध्ये निघालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशावर टेकली आहे. आदेश म्हणजे कायदा नव्हे. एका सहीने आला, एका सहीने जाऊ शकतो. या व्यवस्थेवर लक्ष ठेवणारं एक स्वतंत्र मंडळ अमेरिकेत आहे, प्रायव्हसी अँड सिव्हिल लिबर्टीज ओव्हरसाइट बोर्ड. आयोगाच्या २०२३ च्या निर्णयात त्याचा आधार पुनःपुन्हा घेतलेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्या मंडळाच्या तीन सदस्यांना पदावरून काढलं आणि गणसंख्याच उरली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपच्या जनरल कोर्टाने, म्हणजे युरोपीय न्यायालयाच्या खालच्या कोर्टाने, या व्यवस्थेविरुद्धचा दावा फेटाळला तेव्हा अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला. मी निकाल वाचला. न्यायालयाने २०२३ मध्ये निर्णय घेतेवेळची परिस्थिती तपासली. त्यानंतर जे घडलं त्याचं उत्तर त्यात नाही. माझ्या ग्राहकांचे वकील हेच मला विचारतात आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. ते उत्तर तुमच्याकडून यायला हवं.

मोठ्या कंपन्यांना हा धक्का सोसता येतो. मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या माहिती-संरक्षण आयोगाने याच कारणावरून फेसबुकवाल्या मेटाला १२० कोटी युरोंचा दंड केला. मेटा उभी आहे. त्या रकमेचा हजारावा भाग माझ्यावर पडला असता तर दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं असतं. प्रायव्हसी शील्डमध्ये नोंदलेल्या ५,००० हून अधिक कंपन्यांमध्ये बहुसंख्य लहान आणि मध्यम होत्या. अटलांटिकपारचा व्यापार म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं, हे मला खरोखर विचारायचं आहे.

दुसरी तक्रार : तुम्ही एकमेकांशी बोलणं थांबवलंत. २०२१ मध्ये व्यापार आणि तंत्रज्ञान परिषद स्थापन झाली, पहिली बैठक पिट्सबर्गला झाली. सहावी एप्रिल २०२४ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनला, आणि मग परिषद थंडावली. त्या परिषदेने फार मोठं काही घडवलं असं मी म्हणणार नाही, पण निदान सहाव्या पिढीच्या मोबाइल नेटवर्कवर, केबलींच्या सुरक्षेवर, प्रमाणकांवर दोन्हीकडची माणसं एका टेबलाशी बसत होती. आता दूरसंचाराचे निर्णय आयातशुल्काच्या घासाघिशीत होतात. ऑगस्ट २०२५ च्या संयुक्त निवेदनात युरोपने जाहीर केलं की मोठ्या ऑनलाइन सेवांकडून दूरसंचार कंपन्यांचं नेटवर्क वापरण्याची फी घेतली जाणार नाही. मला स्वतःला तो निर्णय पटतो, कारण ती फी शेवटी आमच्यासारख्यांच्या बिलात उतरली असती. पण ज्या प्रश्नावर युरोपात वर्षानुवर्षं वाद चालला, तो गाड्यांच्या आणि पोलादाच्या सौद्यात एका वाक्याने मिटवायचा हा मार्ग बरोबर नव्हे. उद्या त्याच टेबलावर माझ्या पेशंटच्या व्हिडिओंचा सौदा होईल, आणि मला वर्तमानपत्रातून कळेल.

तिसरी गोष्ट शेवटच्या मैलाची. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

किलालाला केबल आली होती तरी, त्याच काउंटीत असूनही, माझ्या घरी व्हिडिओ कॉल धड लागत नव्हता. धरण उशाला आणि कोरड घशाला. मग आयर्लंड सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय ब्रॉडबँड योजनेचा करार केला : खासगी कंपन्या जिथं जात नाहीत अशा सुमारे ५ लाख ६० हजार घरांना, शेतांना, दुकानांना सरकारी मदतीने फायबर. खर्चावरून खूप टीका झाली. आमच्या गल्लीत फायबर आलं आणि माझ्या कंपनीत तीन माणसं वाढली, तिघंही याच काउंटीतली. शेजारच्या मेंढपाळ बाईंचा मुलगा त्यांतला एक. त्याला डब्लिनला जावं लागलं नाही.

अमेरिकेत नेमकं उलट घडलं. तिथं गरीब कुटुंबांना इंटरनेटच्या बिलात महिना ३० डॉलरची सूट देणारा कार्यक्रम होता, अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम. सुमारे २ कोटी ३० लाख घरं त्यात होती. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पैसे दिले नाहीत आणि १ जून २०२४ रोजी तो बंद पडला. वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या एका दवाखान्याचे १४ पेशंट त्या उन्हाळ्यात आमच्या यादीतून गेले. बरे होऊन नव्हे, इंटरनेट तुटल्यामुळे. त्यातले एक जुने खाणकामगार. नव्या गुडघ्यानिशी ते गावच्या ग्रंथालयाच्या पार्किंगमध्ये गाडी लावून तिथलं वायफाय पकडायचे. फिजिओथेरपिस्ट पडद्यावर, आणि हे स्टिअरिंगमागे. गाडीत बसून पाय सरळ करता येत नाही हो. तीन आठवड्यांनी त्यांनी येणं सोडलं.

तुमच्या हिशेबात ही घटना सामाजिक कल्याणाच्या रकान्यात जाते. माझ्या हिशेबात ती निर्यातीच्या रकान्यात आहे. एक आयरिश कंपनी अमेरिकेत सेवा विकत होती, ती विक्री बुडाली. केबलवर कोट्यवधी खर्चून शेवटच्या घराशी तार तोडली, तर पलीकडे गिऱ्हाईक उरतं कुठे? २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात ग्रामीण ब्रॉडबँडसाठी ४,२४५ कोटी डॉलर ठेवले गेले. तार घरापर्यंत नेण्यासाठीचे ते पैसे, पण आलेल्या तारेचं महिन्याचं बिल परवडत नसेल तर ती भिंतीवरच राहते. दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून चालणारा युनिव्हर्सल सर्व्हिस फंड वैध आहे असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे साधन हातात आहे.

युरोपलाही इथं बोलायला जागा आहे. २७ देश, २७ नियामक. सप्टेंबर २०२४ च्या अहवालात इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागींनी दाखवलं की युरोपात मोबाइल नेटवर्क चालवणारे ३४ गट आहेत, अमेरिकेत ३. त्यावरून कंपन्या एकत्र करा असा सूर लागला आहे. माझं मत वेगळं आहे. ओहायोतल्या माझ्या दोन सहकाऱ्यांचं मोबाइल बिल मीच भरते, आणि ते मेयोतल्या बिलापेक्षा कितीतरी जास्त येतं. कंपन्या कमी करून गुंतवणूक येईलच असं नाही, भाव मात्र चढेल. त्यापेक्षा स्पेक्ट्रमचे परवाने आणि नियम २७ देशांत सारखे करा, म्हणजे मोठं होऊ पाहणाऱ्याला वाट मिळेल. बॉनच्या डॉइचे टेलिकॉमने २००१ मध्ये अमेरिकेत व्हॉइसस्ट्रीम विकत घेतली, तीच आजची टी-मोबाइल. युरोपातल्या कंपनीला एवढं मोठं व्हायला अमेरिकेची एकसंध बाजारपेठ मिळाली. ती घरी का मिळाली नाही, याचा विचार ब्रसेल्सने करावा.

विजेचाही विषय आहे. २०२३ मध्ये आयर्लंडच्या मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटरांनी वापरली, शहरी घरांना मिळून लागली त्यापेक्षा जास्त. गुंतवणूक आली याचा आनंद आहे, ती आली म्हणून माझ्यासारख्या कित्येकांना या देशात काम मिळालं. पण येणाऱ्या प्रत्येक केंद्राने आपल्यापुरती नवी वीज उभारली पाहिजे, ही अट आधीपासून हवी होती.

आणि केबलींची राखण. जगभरात वर्षाला सुमारे १५० ते २०० वेळा समुद्रातली केबल तुटते, बहुतेक वेळा मासेमारीच्या जाळ्याने किंवा नांगराने. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाल्टिक समुद्रात दोन दिवसांत दोन केबली तुटल्या आणि सगळे जागे झाले. दुरुस्तीची जहाजं जगात मोजकीच आहेत. मी कोकणातल्या किनाऱ्यावर वाढले. होडी बांधण्याआधी तिची डागडुजी कोण करणार हे ठरवतात.

माझ्या मागण्या अशा :

अमेरिकी प्रशासनाने युरोपीय नागरिकांच्या दाद मागण्याच्या हक्काला आदेशाऐवजी काँग्रेसच्या कायद्याचा आधार मिळवून द्यावा, आणि देखरेख मंडळाच्या रिकाम्या जागा भरून ते कामाला लावावं.

आयोगाने आजच्या परिस्थितीत फ्रेमवर्क किती भक्कम आहे याचं स्वतःचं मूल्यमापन साध्या भाषेत जाहीर करावं. आणि उद्या न्यायालयाने ही व्यवस्थाही रद्द केली, तर ५० पेक्षा कमी माणसांच्या कंपन्यांना बदलासाठी किमान एक वर्षाची मुदत मिळेल अशी तरतूद आजच करून ठेवावी. २०२० पुन्हा नको.

दोघांनी मिळून तंत्रज्ञानाची परिषद पुन्हा सुरू करावी. वर्षातून दोन बैठका, कार्यक्रमपत्रिका आधी जाहीर, आणि टेबलाशी लहान उद्योगांच्या प्रतिनिधींना जागा. डेटा आणि दूरसंचार हे विषय आयातशुल्काच्या सौद्यातून बाहेर काढावेत.

फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने गरीब घरांची इंटरनेट सूट युनिव्हर्सल सर्व्हिस फंडातून परत सुरू करण्याचा प्रस्ताव काँग्रेसपुढे ठेवावा, आणि त्या फंडाचा भार फक्त टेलिफोन कंपन्यांवर न ठेवता नेटवर्कवर सर्वाधिक कमावणाऱ्यांवरही टाकावा.

अटलांटिकमधल्या केबलींसाठी दोन्ही बाजूंच्या खर्चाने दुरुस्तीची जहाजं कायम सज्ज ठेवावीत. त्यातलं एक आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर असावं.

यातली एकही मागणी माझ्या कंपनीसाठी पैसे मागत नाही. आमच्या पाच ग्राहकांचे करार येत्या वर्षात नूतनीकरणाला आहेत. पाचही ठिकाणच्या वकिलांनी लेखी विचारलं आहे : तुमची डेटा-व्यवस्था पुढच्या तीन वर्षांत टिकेल याची खात्री काय? त्यांना द्यायला मला तुमचं उत्तर हवं आहे. ब्रसेल्समध्ये सुनावणी ठेवलीत तर मी स्वखर्चाने येईन, ते जर्मन रुग्णालयाचं पत्र आणि आमचे हिशेब घेऊन. वॉशिंग्टनला बोलावलंत तर ओहायोतले माझे सहकारी येतील.

आपली विश्वासू,
एक लघुउद्योजिका
काउंटी मेयो, आयर्लंड